मोटारीच्या सुट्या भागांचे कारखाने : त्यांची बंदी व त्या बंदीचीं साधनें

एखाद्या कारखान्याची बंदी हा इतिहास-संशोधनाचा विषय होऊं शकतो काय, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. ताम्रपट, शिलालेख, बखरी, सनदा व कैफियती यांची चर्चा करणाऱ्या या पानांत लेथ, साचे व पगारपत्रकें यांस स्थान कां द्यावें, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, ज्या घडामोडीनें हजारों कुटुंबांचें उत्पन्न, राहण्याचें ठिकाण व पुढील पिढीचें शिक्षण बदललें, ती घडामोड लहान नव्हे; आणि जिचीं साधनें आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहेत, तिच्याकडे पाहण्यास विलंब करून चालणार नाहीं. प्रस्तुत लेखांत मोटारीच्या सुट्या भागांचा धंदा महाराष्ट्रांत कसा उभा राहिला, त्यांतील कारखाने कोणत्या रीतीनें बंद पडतात, आणि त्या बंदीचा पुरावा कोणाच्या हातीं उरतो, या तीन मुद्द्यांचा विचार करावयाचा आहे.

(१) विषयाचें स्थळ

विचारास शेलूबाजारापासून आरंभ करण्याचें कारण आधीं सांगितलें पाहिजे. वाशिम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यांतील हें गांव नांवाप्रमाणेंच बाजाराचें. भोंवतालचा मुलूख कापूस, तूर व सोयाबीन यांचा. मोटारीच्या कारखान्यांशीं त्याचा वरवर पाहतां कांहीं संबंध दिसत नाहीं. परंतु पावसावर अवलंबून असलेल्या अशा मुलखांतून घरांतील एखादा मुलगा आय.टी.आय. चें शिक्षण पुरें करून चाकण, तळेगांव, भोसरी किंवा वाळूज गांठतो, हा गेल्या कांहीं दशकांचा परिपाठ आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजीं समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं ७०१ किलोमीटरांचा सर्व मार्ग पुरा झाला. या मार्गावर चढण्याउतरण्याची सोय शेलूबाजारापाशीं आहे. शेतमाल ज्या वाटेनें जातो, त्याच वाटेनें मनुष्यबळही जातें. आणि कारखाना बंद पडला म्हणजे त्याच वाटेनें तें परत येतें. बंदीची तारीख पुण्याच्या किंवा मुंबईच्या दप्तरांत असेल. तिचा परिणाम मात्र अशा गांवांतील घरांत, दुकानदाराच्या उधारीच्या वहींत व भावाभावांच्या जमिनीच्या वाटणींत शोधावा लागतो.

(२) धंद्याचा उगम

सुट्या भागांच्या धंद्याचा आपल्याकडील उगम एका कारखानाबंदींतच आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत नसते. सन १९२६ त फोर्ड कंपनीनें व सन १९२८ त जनरल मोटर्स कंपनीनें भारतांत आपले व्यवहार सुरू केले. जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईस शिवडी येथें होता. या कारखान्यांत मोटार घडविली जात नसे, जोडली जात असे. परदेशांतून पेट्यांत भरून आलेले भाग येथें एकत्र करावयाचे व तयार मोटार विकावयाची, असा तो व्यवहार होता. भाग घडविण्याची विद्या बोटींतून उतरत नसे. फक्त भाग उतरत.

ही स्थिति बदलण्याची खटपट सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतच आरंभिली होती. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ त स्थापन झाली व १९४७ त कुर्ला येथील कारखान्यांतून तिच्या मोटारी बाहेर पडूं लागल्या. आरंभीं तेथेंही जोडकामच चाले. पुढें १९५३ त टॅरिफ कमिशननें या धंद्याची चौकशी करून असा अभिप्राय दिला कीं, ज्यांच्यापाशीं भारतांतच क्रमाक्रमानें भाग घडविण्याची योजना आहे, त्यांनाच या धंद्यांत राहूं द्यावें. सरकारनें हा अभिप्राय मान्य केला. त्याचा परिणाम म्हणून फोर्डनें येथील काम आवरतें घेतलें व जनरल मोटर्सनें १९५४ त शिवडीचा कारखाना बंद केला.

या बंदीचे दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही खरे आहेत. शिवडीच्या जोडकामावर ज्यांचें पोट होतें, त्यांच्या दृष्टीनें ती नोकरी गेल्याची गोष्ट होती. देशाच्या दृष्टीनें पाहतां, त्याच निर्णयानें बोल्ट, स्प्रिंग, पिस्टन, ब्रेक, दिवे व गिअर येथें घडविण्याची सक्ति उत्पन्न झाली आणि त्यांतून सहस्रावधि लहानमोठे कारखाने उभे राहिले. १९६२ त महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. त्यानंतर पिंपरी-चिंचवड, भोसरी, नाशिक, वाळूज व अखेर चाकण-तळेगांव हा प्रदेश या धंद्याचें माहेर बनला. एकाची बंदी ती दुसऱ्याचा आरंभ, असें यावरून कोणी म्हणेल. परंतु काम गमावणारा मनुष्य व काम मिळविणारा मनुष्य हे बहुधा एकच नसतात. इतिहास लिहितांना ही गोष्ट विसरली, म्हणजे केवळ बेरीज शिल्लक राहते, माणसें गळून जातात.

(३) धंद्याची रचना

कारखाने कसे बंद पडतात हें समजण्यास या धंद्याची रचना ठाऊक पाहिजे. एक मोटार हजारों सुट्या भागांची मिळून होते. त्यांतील थोडे भाग मुख्य कंपनी स्वतः घडविते. बाकीचे ती बाहेरून घेते. तिला थेट माल देणारे कारखाने हा पहिला थर. बसण्याची तयार बैठक, ब्रेकची पूर्ण जोडणी, दिव्यांचा संच असा माल ते देतात. त्यांना लागणारे ओतीव किंवा ठोकीव तुकडे दुसरा थर पुरवितो. तिसरा थर म्हणजे चारदोन लेथ किंवा प्रेस घेऊन पत्र्याच्या छपराखालीं चाललेलें काम. वरून कच्चा माल येतो, त्यास भोंक पाडावयाचें, कापावयाचें, घासावयाचें, व परत पाठवावयाचा. यालाच जॉबवर्क म्हणतात, आणि त्याची मजुरी नगावर ठरते.

या सर्व रचनेची किल्ली साचा ही आहे. पत्रा दाबण्याचा किंवा धातु ओतण्याचा साचा एका विशिष्ट मोटारीच्या एका विशिष्ट भागापुरताच असतो. तो करण्यास मोठा खर्च येतो. पुष्कळदां तो खर्च वरचा कारखाना करतो व साच्याची मालकी आपल्याकडे ठेवतो. त्यामुळें खालच्या कारखानदाराजवळ यंत्र असतें, कारागीर असतो, पण काम ज्यावर चालतें ती वस्तु त्याची नसते. मोटारीचा तो नमुना बंद झाला म्हणजे साचा लोखंडाच्या भावाचा होतो. नट, बोल्ट, बेअरिंग असा सर्वांस चालणारा माल करणारा कारखाना अशा वेळीं दुसरें गिऱ्हाईक शोधतो. एकाच नमुन्याच्या दाराची बिजागरी करणाऱ्यास तें साधत नाहीं.

दुसरी गोष्ट सांठ्याची. मुख्य कारखान्यांत भागांचा मोठा सांठा करीत नाहींत. लागेल तेव्हां व लागेल तितका माल मागवितात. सांठा करण्याचा खर्च त्यामुळें वांचतो, पण मागणी थांबतांच तिचा धक्का खालच्या थरास थोड्याच दिवसांत बसतो. वर एक पाळी कमी झाली कीं खालीं एक छप्पर बंद होतें.

(४) दोन उदाहरणें

पहिलें उदाहरण कुर्ल्याचें. प्रीमियर कंपनीनें १९५१ त इटलीच्या फियाट कंपनीशीं करार केला. त्या घराण्याची मोटार पुढें प्रीमियर पद्मिनी या नांवानें प्रसिद्ध झाली. डिसेंबर १९८३ त गुरगांवच्या मारुतीची पहिली मोटार बाहेर पडली आणि जुन्या नमुन्याची मागणी ओसरूं लागली. १९९३ त मोटारधंद्यावरील परवान्याचें बंधन गेलें व परदेशी कंपन्यांस वाट मोकळी झाली. प्रीमियरनें १९९४ त फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशीं भागीदारी करून पाहिली, ती थोड्याच वर्षांत मोडली; आणि २००० सालच्या सुमारास पद्मिनीचें उत्पादनही संपलें. परंतु सुट्या भागांचें आयुष्य मोटारीच्या उत्पादनाहून लांब असतें. मुंबईच्या टॅक्सींत पद्मिनी धांवत होती तोंवर तिच्या दुरुस्तीचे भाग घडविणारे व विकणारे जगले. २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं रस्त्यावरून उतरली. म्हणजे मुख्य कारखान्याचें काम संपल्यावरही तिच्या भागांचा धंदा सुमारें वीस वर्षें हळूहळू आटत गेला. अशा आटण्याची तारीख कोणत्याही दप्तरांत सांपडत नाहीं.

दुसरें उदाहरण तळेगांवचें, आणि तें पुन्हां जनरल मोटर्सचेंच आहे. शिवडी सोडल्यानंतर चाळीस वर्षांनीं ही कंपनी भारतांत परतली. १९९६ त तिचा गुजरातेंतील हालोलचा कारखाना चालूं झाला, व २००८ त तळेगांवचा. २०१७ त हालोल बंद झालें व त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीनें भारतांत मोटारी विकणें थांबविलें. तळेगांवीं केवळ निर्यातीसाठीं उत्पादन चालूं राहिलें. जानेवारी २०२० त हा कारखाना चीनच्या ग्रेट वॉल कंपनीस विकण्याचा बेत जाहीर झाला. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें शेजारी देशांतून येणाऱ्या भांडवलास सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक करण्यांत आली, जूनमध्यें गलवान खोऱ्यांत चकमक झाली, आणि परवानगी न मिळाल्यामुळें तो बेत २०२२ त सोडून द्यावा लागला. दरम्यान २४ डिसेंबर २०२० रोजीं तळेगांवचें उत्पादन थांबलें. एप्रिल २०२१ त १,४१९ कामगारांस ले-ऑफ देण्यांत आला. नोकरी कागदोपत्रीं कायम, पण काम नाहीं व वेतन निमें, असा त्याचा अर्थ. कामगारांच्या संघटनेनें वाद न्यायासनांपुढें नेला. ऑगस्ट २०२३ त कारखान्याच्या खरेदीचा करार ह्युंदाई कंपनीनें केला, आणि २०२५ त त्याच जागीं तिच्या मोटारींचें उत्पादन सुरू झालें.

आतां या वृत्तांतांत बंदीची तारीख कोणती मानावयाची? मुख्य कंपनीच्या दृष्टीनें ती डिसेंबर २०२० ची. परंतु ज्या लहान कारखान्याचा माल देशांत विकल्या जाणाऱ्या मोटारीसच लागत होता, त्याच्या दृष्टीनें ती तीन वर्षें आधींची, २०१७ ची आहे. कायम कामगाराच्या दृष्टीनें ती न्यायासनांतील तडजोडीपर्यंत लांबते. आणि ठेकेदारामार्फत आलेल्या मुलाच्या दृष्टीनें ती, ज्या सकाळीं फाटकावर त्याचें ओळखपत्र चाललें नाहीं, ती सकाळ. एकाच घटनेच्या या चार तारखा आहेत. त्यांपैकीं पहिली वर्तमानपत्रांत सांपडते, तिसरी न्यायालयाच्या कागदांत. दुसरी व चवथी यांचें साधन कोणतें, हाच आमचा प्रश्न आहे.

(५) मोजलेले व न मोजलेले

या प्रश्नाचें महत्त्व दोन आंकडे शेजारीं ठेवले असतां कळून येतें. तळेगांवचा आंकडा १,४१९ असा एककापर्यंत नेमका आहे, कारण तेथें प्रत्येक मनुष्यास नांव, क्रमांक व संघटना होती. याउलट २०१९ च्या मंदींत, जुलैपर्यंत सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांतील सुमारें १ लाख तात्पुरत्या कामगारांचें काम गेलें, असें त्या कारखानदारांच्या अखिल भारतीय संघटनेनेंच त्या वर्षाच्या डिसेंबरांत सांगितलें. हा आंकडा सत्तर पट मोठा, परंतु गोळाबेरजेचा. त्यांत कोण होते, कोणत्या गांवचे होते, पुढें त्यांचें काय झालें, हें त्यावरून कळण्याचा मार्ग नाहीं.

या भेदाचें मूळ कायद्यांत आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमांत १९७६ सालीं नवें प्रकरण घालून मोठ्या कारखान्यांस बंदीपूर्वीं सरकारची परवानगी घेणें भाग पाडण्यांत आलें. आरंभीं ही अट ३०० कामगारांच्या कारखान्यांस होती, ती पुढें १०० वर आणली गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलांत आली असून आतां ती मर्यादा पुन्हां ३०० झाली आहे. कायदा बरा कीं वाईट याचा निर्णय करण्याचें हें स्थळ नव्हे. संशोधकाच्या दृष्टीनें एवढेंच ध्यानांत घ्यावयाचें कीं, जेथें परवानगी लागते तेथें अर्ज होतो, हरकत होते, सुनावणी होते, व कागद उरतो. जेथें ती लागत नाहीं तेथें कागदाचा हा प्रवाह आटतो. पंधरा माणसांचें छप्पर बंद होतें तेव्हां मालक कुलूप लावतो, यंत्रें विकतो, व माणसें दुसऱ्या फाटकावर उभीं राहतात. इतिहासाच्या दृष्टीनें तो कारखाना जणूं नव्हताच.

(६) यापुढील बंदी

आजवर सांगितलेल्या बंदींत मागणी किंवा कंपनी गेली. आणखी एक प्रकार असा कीं, मोटारीची मागणी वाढत असतांही भाग नाहींसा होतो. १ एप्रिल २०२० पासून धुराविषयींचे भारत-६ हे नियम लागूं झाले व दुचाकींतील कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागीं इंधन फवारणारी विद्युत्-यंत्रणा आली. कार्ब्युरेटरच्या सुया, तोट्या व झडपा करणाऱ्यांचें काम मंदीनें गेलें नाहीं, ज्ञानाच्या प्रगतीनें गेलें. विजेवर चालणाऱ्या मोटारींत इंजिनच नसतें. अर्थात् पिस्टन, सायलेन्सर, इंधनाची टांकी यांचेंही काम उरत नाहीं. हा बदल हवेच्या शुद्धतेसाठीं इष्ट आहे, याविषयीं दुमत नाहीं. परंतु तो होत असतां सर्वांत खालच्या थरास नवीन साचा व नवें शिक्षण कोण देणार, याचें उत्तर आधीं ठरलें पाहिजे. शिवडीच्या बंदीनें नवा धंदा निर्माण झाला तो आपोआप नव्हे. त्यामागें योजना होती.

(७) साधनें व त्यांचें जतन

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. लहान कारखान्याच्या बंदीचीं साधनें नाहींतच असें नाहीं. तीं कारखान्यांत न राहतां कामगाराच्या घरीं, बहुधा कपाटाच्या वरच्या फळीवरील पिशवींत, असतात. नेमणुकीचें पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, फाटकावरचें ओळखपत्र, ठेकेदारानें दिलेला दाखला, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, बँकेच्या पुस्तकांतील पगाराच्या नोंदी, माल पोंचविल्याचीं चलानें, हीं तीं साधनें होत. यांवरून कारखान्याचें नांव, जागा, चालूं असल्याचा काळ, मजुरीचा दर व कामाचा प्रकार हीं सर्व ठरवितां येतात.

विशेष हें कीं, संशोधकाचा जो पुरावा तोच कामगाराच्या हक्काचाही पुरावा आहे. काम गेल्याची भरपाई सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागें पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनानें मोजतात. म्हणजे आधीं वर्षें सिद्ध झालीं पाहिजेत. ग्रॅच्युइटीस सामान्यतः पांच वर्षांची सलग सेवा लागते. मुदतीच्या करारावरील कामगारांस ती नव्या संहितेप्रमाणें एका वर्षानंतर मिळण्याची तरतूद झाली आहे. १९९५ च्या योजनेप्रमाणें निवृत्तिवेतनास दहा वर्षांची सेवा लागते. एकाच कामगाराचे सर्व निधि-क्रमांक एका कायम क्रमांकाखालीं आणण्याची पद्धति २०१४ त आली. त्यापूर्वीं ज्यानें चार कारखान्यांत अडीच-अडीच वर्षें काम केलें, त्याचे चार क्रमांक चार ठिकाणीं पडून असण्याचा संभव आहे. ते जोडले तर दहा वर्षें होतात व निवृत्तिवेतन उभें राहतें; न जोडले तर चार तुकडे, व निवृत्तिवेतन नाहीं. अशा मनुष्यास त्या पिशवींतील एक जीर्ण चिठ्ठी म्हातारपणाच्या भाकरीएवढी मोलाची आहे.

यास्तव आमची सूचना साधी आहे. ज्या घरांतील कोणी अशा कारखान्यांत कामास होता, त्या घरानें हे कागद एकत्र करून त्यांवर वर्ष घालावें. पावतीच्या गुळगुळीत कागदावरील अक्षर थोड्याच महिन्यांत उडतें, म्हणून त्याची प्रत आधीं काढावी. कामगारानें स्वतः सांगितलेला वृत्तांत, कोणत्या यंत्रावर काम केलें, दिवसाचे किती नग निघत, कोणत्या महिन्यांत काम थांबलें, हें त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावें. मूळ कागद मात्र कोणाही संशोधकाच्या स्वाधीन करूं नयेत. ते हक्काचे आहेत, ते घरींच असावेत. संशोधकास प्रत पुरे.

वाशिम हें प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेथें १९३९ त प्रकाशांत आलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटांत दान देणाऱ्याचें नांव आहे, दान दिलेलें गांव आहे, घेणाऱ्यांचीं गोत्रांसह नांवें आहेत, आणि राज्यारोहणापासूनचें ३७ वें वर्ष नोंदलें आहे. सुमारें सोळाशें वर्षें लोटलीं तरी कोणास काय मिळालें, तें आज आपण सांगूं शकतों. त्याच जिल्ह्यांतून पंधरा वर्षांपूर्वीं भोसरीच्या छपराखालीं कामास गेलेल्या मुलाचें काम केव्हां व कां गेलें, तें मात्र सांगतां येत नाहीं. दोहोंतील अंतर काळाचें नव्हे, नोंदीचें आहे. ती नोंद करणारीं माणसें हयात आहेत, कागद अजून वाचतां येतात, आणि काम एका पिशवीपासून आरंभ करण्याजोगें आहे. तें याच पिढीनें केलें पाहिजे.